खांबापाशी

ओरेस्ट हलुश्का सोळा वर्षं आमदार होते.
त्यातली चौदा मी त्यांची पत्रं टाइप केली,
म्हणून सांगते : भाषणं फारशी नव्हतीच.
पत्रं होती. खडीच्या रस्त्याबद्दल,
म्हाताऱ्या ओल्सनबाईंच्या अडकलेल्या पेन्शनबद्दल,
उणे पस्तीसमध्ये शाळेची बस
ज्याला न घेताच निघून गेली त्या मुलाबद्दल.

ऑफिस म्हणजे एक खोली,
चिनी खानावळ आणि विमावाला यांच्या मधोमध.
दुपारी भिंतीतून कांदा तळल्याचा वास यायचा
आणि भांडायला आलेला माणूस
मध्येच विचारायचा, जेवलात का?

रेजायना साडेतीन तासांवर.
गाडीत मागे कायम फावडं, मेणबत्ती, काळा कोट.
पहिल्या दोन वस्तू बर्फात अडकलं तर.
कोट, कुणी गेलं तर.
कोटच जास्त झिजला.

सभागृहात जागा मागच्या बाकावर, खांबापाशी.
मंत्रिपद एकदा अगदी जवळून गेलं,
गव्हाचा ट्रक हायवेवरून जातो तसं :
टोपी हलली, तेवढंच.

मग ते विधेयक आलं,
लहान गावांतली इस्पितळं बंद करण्याचं.
यादीत आमचं अकरावं. खाटा बारा.
त्यांच्या दोन्ही मुली तिथेच जन्मलेल्या.
पक्षाचा आदेश होता.
आदल्या रात्री फोन आला, ‘एडना, काय करू?’
मी म्हटलं, ‘झोपा आता.’
त्या उत्तराची लाज मला अजून पुरते.

नाव पुकारलं तेव्हा ते उभे राहिले,
होय म्हणणाऱ्यांत.
छापील वृत्तान्तात त्यांचं आडनाव चुकलं होतं.
दुरुस्तीचं पत्र मी लगेच टाइप केलं.
त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं.
‘राहू दे. तेवढाच आडोसा.’

शरदातल्या गावजेवणात कुणी काही बोललं नाही.
पिरोगी नेहमीइतक्याच वाढल्या.
फक्त शेजारची खुर्ची
शेवटपर्यंत रिकामी.

एकेचाळीस मतांनी पडले.
विरोधातली काही मतं मला नावानिशी ठाऊक आहेत.
एक माझं.

त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी
ते आपल्या गाडीतून लोकांना
नव्वद किलोमीटरवर डायलिसिसला नेऊ लागले.
माझ्या आईलाही नेलं, दोन हिवाळे.
मी पुढे बसायचे, फावडं मागे.
इस्पितळाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही.
एका वळणावर मात्र दर वेळी वेग कमी करून म्हणायचे,
‘ही खडी आपल्या पत्रामुळे पडली, आठवतं?’