पिवळी फीत

तळघरात, इमारतीच्या सौनाशेजारी,
हँडलला पिवळी फीत बांधून उभी होती:
एक मेपर्यंत कुणी नेली नाही तर भंगारात.
दोन मेला मी नेली.

फ्रेम तेवढी धड. हिरवी, जड,
गळ्यापाशी पोचा आलेली.
बाकी सगळं हिवाळ्यांनी खाल्लेलं.
सीटखालचा बोल्ट तर नळीशी इतका एकजीव झालेला
की तौनोने ब्लोटॉर्च आणला
आणि लाकडाच्या गिरणीत सोडून आलेल्या
आपल्या दोन बोटांच्या नावाने एक शिवी हासडली.

तौनो म्हणाला, बाहेरचे गिअर कशाला, बर्फात गोठतात.
मग आत तीन गिअर दडवलेला एक हब मिळाला,
पोत्यात गुंडाळलेला, बटाट्याच्या भावात.
छत्तीस स्पोक मी ओवले. तीनदा उसवले.
चौथ्यांदा चाक फिरलं ते
शुक्रवारच्या रात्री घरी निघालेल्या माणसासारखं डुलत.
"एकेक तार छेड," तौनो म्हणाला, "कान दे.
ढिली असते ती खोटं बोलते."
जून त्यातच गेला.

मला पहाटे पावणेचारला बेकरीत पोचायचं असतं.
पहिली बस पाचला.
बसबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे.

तर हँडल चार बोटं वर घेतलं,
कारण पीठ मळून मळून उजवा खांदा
आता माझं ऐकत नाही.
पुढे पावाचा क्रेट, तारेने आवळलेला.
दिवा चाकातल्या डायनॅमोवर,
म्हणजे मी थांबले की तोही डोळे मिटतो.
टायरला दोनशे चाळीस खिळे:
कोरड्या डांबरावर ते तडतडतात, तापल्या तव्यावरच्या मिठासारखे,
बर्फावर मात्र नुसते कुजबुजतात.

आणि हात. उणे पंचविसाला मोजे पुरत नाहीत.
रेइयो तांपेरेला गेला तेव्हा
ड्रिल मशीन मागून घेतलं, जाकीट नाही मागितलं.
त्याच्या बाह्या खांद्यापासून कापल्या,
मनगटाकडून हँडलला शिवून टाकल्या.
आता रोज पहाटे त्याच्या बाह्यांत हात घालते
आणि ब्रेक माझ्या हातात असतो.

फेब्रुवारीत एकदा, उजाडायच्या आधी,
बेकरीच्या मागच्या दाराशी
बी जिन्यातल्या हिल्क्काबाई उभ्या दिसल्या, काठी टेकून.
मे महिन्यात हॉस्पिटलात होते, म्हणाल्या. खुब्याचं हाड.
मी पिठाचे हात एप्रनला पुसत राहिले,
पुसून झाले तरी.
त्यांनी फ्रेमच्या पोच्यावर अंगठा ठेवला.
अंगठा तिथे बरोबर बसला.
मी म्हटलं, न्या.
त्यांनी काठी जराशी उचलून दाखवली.
"आणि हिला आता माझी कसं म्हणू?
सीट केवढी उंच केलीयस.
घंटा तेवढी माझी."

स्क्रू उघडायला मोजा काढावा लागला.
लोखंडाने बोटाची साल ठेवून घेतली.
घंटा त्यांनी कोटाच्या खिशात टाकली,
राईचे दोन गरम पाव घेतले,
पैसे पुरे मोजले, सवलत नको म्हणाल्या.
कोपऱ्यावर पाऊल जरा घसरलं असावं,
खिसा वाजला. एकदाच.
मग त्या वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

आता पुलावर कुणी आडवं आलं की
तोंडानेच "ओ!" करते.
त्या वेळी येणार तरी कोण,
एखादा ससा, नाहीतर पेपर टाकणारा पोरगा.
पोरगा रोज म्हणतो, मावशी, घंटा लावा की.
लावीन म्हणते.
मागचा ब्रेक कुरकुरतोय,
आधी त्याचं बघते.