दहावं घर

कुंडईच्या कारखान्यात मी गोळ्या बघते.
मोजत नाही, मोजायला मशीन आहे.
मी फक्त बघते
पट्ट्यावरून सरकणाऱ्या चंदेरी स्ट्रिपा,
प्रत्येकीत दहा घरं,
प्रत्येक घरात एक पांढरी गोळी,
झोपेची.

हो, झोपेचीच. हसा.
रात्री अकरा ते सकाळी सात मी जागते
तेव्हा कोण कुठे चंद्रपूरला, कोण सिलिगुडीला
पाठ टेकतं.

जूनमध्ये कंपनीने एक माणूस आणला,
कोटातला, कँटीनच्या पंख्याखाली घामेजलेला.
म्हणाला, मी चार तास झोपतो.
म्हणाला, आठ तास झोपणारा
आयुष्याचा तिसरा हिस्सा उशीला देऊन टाकतो.
फळ्यावर गुणाकार मांडला:
रोजचे चार, वर्षाचे चौदाशे साठ,
वीस वर्षांचे एकोणतीस हजार दोनशे.
एवढे तास वाचवून त्याने केलं काय
ते विचारायचं राहिलं.
पॅटीस आले होते.

मी मात्र वहीच घातली.
सकाळी नऊला आडवं व्हायचं, दुपारी एकला गजर.
वाचलेल्या तासांत
म्हार्दोळच्या घराची फरशी दोनदा पुसली,
शिवणाच्या क्लासचे पैसे भरले, गेले नाही,
इंग्रजीच्या पुस्तकाचं एकच पान
पाच दिवस वाचलं.
चहात मीठ टाकलं. प्यायले. कळलं नाही.
वहीत लिहिलं: आज चार तास फायदा.

बाबा बघायचे, बोलायचे नाहीत.
तीस वर्षं खनिजाच्या बार्जवर खलाशी.
आमोण्याच्या धक्क्यावर भरायचं,
मुरगावला रिकामं करायचं,
मध्ये नदी ठेवील तिथे थांबायचं.
झोप तुकड्यातुकड्यांची,
कधी दोन तास, कधी सहा,
तापल्या पत्र्यावर, तोंडावर टॉवेल.
मी विचारलं, किती झोपायचात तुम्ही?
"उदक चडसर," म्हणाले.
पाणी चढेपर्यंत.
आणि थोड्या वेळाने, नखं कापता कापता:
"रेतीत रुतलेली बार्ज
मी जागा राहून हलली असती होय?"

अकराव्या रात्री, चारच्या सुमारास
एक स्ट्रिप माझ्यासमोरून गेली.
नऊ गोळ्या.
दहावं घर रिकामं, फुगीर, हवेने भरलेलं.
मी ते बघितलं.
बघितलं हे कळून हात उचलेपर्यंत
ती खोक्यात होती,
खोकं टेपखाली, टेप लावलेलं खोकं
बाकीच्या खोक्यांत.

सुपरवायझर वेरेकरला सांगायला हवं होतं.
तो दाराशी उभ्या उभ्या डुलत होता,
हातात पेन, पेनचं टोपण तोंडात.
त्यानेही वही घातली असणार.
मी सांगितलं नाही.

आता कुणीतरी, कुठेतरी, रात्री अडीचला
नऊ रात्री पुरवून दहाव्या रात्री
त्या घरावर अंगठा दाबेल.
कागद फाटल्याचा आवाज येईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोंड्याला गेले,
बाबांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला.
फार्मसीचं शटर अर्ध्यावर.
पाटी: साडेतीनला उघडेल.
आत बाकड्यावर नास्नोडकर,
पोटावर वर्तमानपत्र,
पोटाबरोबर बातम्या वर-खाली.
वडिलांच्या काळापासून हे दुकान दुपारचं झोपतं,
अजून बुडालेलं नाही.
पायरीवर टेकले. म्हटलं, पाच मिनिटं.

जाग आली तेव्हा उन्हं समोरच्या भिंतीवर गेली होती.
माझ्या डोक्याखाली कापसाचा गुंडाळा,
दुकानातलाच, निळ्या कागदातला.
नास्नोडकरांनी तो बिलात लावला नाही,
काही विचारलंही नाही.

गोळ्यांची स्ट्रिप हातात घेतली.
अंगठ्याने एकेक घर चाचपलं.
दहा.
बस आली होती, कंडक्टर ओरडत होता.
मी पुन्हा पहिल्यापासून चाचपलं.