फक्की

मी रेषा मारतो.
सकाळी साडेपाचला, दोरी ताणून,
भोकं पाडलेल्या डब्यातून फक्की सोडत.
पोरी मला फक्कीमामा म्हणतात.
मस्टरवर केरू बाळा शेलार, चोवीस वर्षं.

सामना संपला की मैदान मला वाचता येतं.
गोल मारणारी पोर पेटीत माती उकरते,
कडेनं धावणारी बाजूची रेष खाऊन टाकते.
मधला गोल बहुतेक शाबूत.
तिथून सगळ्या नुसत्या ये-जा करतात,
बँकेची पायरी ओलांडावी तशा.

हर्षाली वैती. मढची.
पहिल्या बोटीनं वर्सोव्याला उतरायची,
स्कूटरींच्या मधे उभी राहून, किटबॅग पोटाशी धरून.
बूट चुलतभावाचे, पुढे कापूस कोंबलेला.
पहिलं अख्खं वर्ष तिनं एकच रेष पुसली:
राखीव खेळाडूंच्या बाकासमोरची.
बसल्या बसल्या, टाचेनं.
दर सामन्यानंतर तिथं एवढीशी खाच.
मी काही बोललो नाही.
पुढच्या वेळी तिथली रेष थोडी जाड मारली, इतकंच.

मग लोबो मॅडम आल्या.
शिट्टी कमी, बोलणं त्याहून कमी.
हिला मैदानाच्या मधोमध उभी केली नि म्हणाल्या,
"बॉल यायच्या आधी मागे बघ. दोन्ही खांद्यांवरून."
दहा दिवस बॉल दिलाच नाही.
पोर उभी, मान फिरवत,
डावीकडे, उजवीकडे,
भर बाजारात कुणी नावानं हाक मारून लपावं तशी.
कँटीनची पोरं हसायची.
मीही हसलो. खोटं कशाला बोलू.

एकदा विचारलं, बाप तांडेल का गं?
"नाय मामा, फेरीबोटीवर तिकिटं फाडतो.
माणसं चढताना बघूनच सांगतो
बोट कुठल्या अंगाला कलणार.
मग दोघाचौघांना म्हणतो, जरा तिकडं सरका."
एवढं सांगून बुटाची नाडी आवळत बसली.
मला त्या दिवशी कळलं नाही
की तिनं उत्तर दिलंय.

उपांत्य सामना आमच्याच मैदानावर झाला, जानेवारीत.
एक-एक. शेवटची सात मिनिटं.
बॉल हिच्याकडे आला, हिनं थांबवलाही नाही,
जिथं कुणी नव्हतं तिथं ढकलला.
आणि तिथं शबाना निघाली.
शबानानं आत फिरवला, रिबेकानं मारला.
सगळ्या रिबेकाच्या अंगावर पडल्या.
ही मधेच उभी, कमरेवर हात,
परत मागे बघत.

पेपरात चार ओळी. रिबेका दोनदा.
फोटोत हिचा अर्धा कान, गोलकीच्या हातमोज्यामागे.
विद्यापीठाच्या शिबिराची यादी लागली तेव्हा नाव होतं,
पण छापलेलं हर्षल वैती.
"मुलगा आला तर घेतील का?" म्हणाली,
आणि हसता हसता तिचा आवाज फुटला.
लोबो मॅडमनी पेन काढून काना, मात्रा, वेलांटी
जिथली तिथं बसवली, बाजूला सही केली.
तीस जणींतून अठरा निवडणार.
पुढचं मला ठाऊक नाही, मी रेषांचा माणूस.

पण त्या सामन्यानंतरची संध्याकाळ सांगतो.
दिवे विझायच्या आत मी झेंडे काढायला गेलो.
मधला गोल नव्हता.
पुसला नव्हता नुसता, मळला होता.
आमच्या गावी खळ्यात मधोमध तिवडा रोवायचे,
बैल त्याच्याभोवती फिरायचे,
रात्री जमीन अशीच दिसायची, गुळगुळीत, गरम.
बैलांची नावं सगळ्यांना पाठ.
तिवड्याला कोण नाव ठेवतंय?

दुसऱ्या दिवशी अर्धी गोणी फक्की जास्त लागली.
स्टोअरवाला सावंत चश्म्यावरून बघून म्हणाला,
शेलार, एवढी कुठं सांडली?
म्हटलं, सांडली नाही.
लिहा, वैती.