अजून आठ दिवस

शनिवारी संध्याकाळी ड्युटी सुटली की
मी काळी द्राक्षं उकळते.
दोन किलो, बिया-सालांसकट, मंद आचेवर.
मग पंच्याच्या फडक्यात बांधून टांगायची.
पिळायचं नाही, सासूबाईंनी बजावलेलं :
'पिळलंस की गढूळ. थेंब आपला आपण पडू दे.'
त्यांच्यामागं हे काम माझ्याकडे आलं,
पितळी ट्रे, बेचाळीस इवले पेले,
आणि शरणपूरच्या देवळाची, मागच्या दाराची किल्ली.

सोळा वर्षं झाली.
सिव्हिलला कंत्राटावर लागूनही सोळाच.
दर अकरा महिन्यांनी एक दिवसाचा खंड,
दुसऱ्या दिवशी नवी नेमणूक, जुनाच वॉर्ड.
कायम कधी करणार, विचारलं
की दराडे क्लार्क छताकडे बोट करतात :
'फाईल वर गेलीय, सिस्टर.'
रात्री गुडघे टेकून मीही तेच म्हणते,
फाईल वर आलीय, प्रभू.
बघितलीस का?

रागावते मी, नाही असं नाही.
माझ्यामागून आलेल्या भोये सिस्टर कायम झाल्या,
पेढे वाटले, मीही दोन खाल्ले.
त्या आठवड्यात ट्रे घासताना
एक ओळ गुणगुणले नाही.
पण पेले पुसले. बेचाळीसच्या बेचाळीस.
राग राहिला रागाच्या जागी.

फेब्रुवारीत दिंडोरीला गेले, मामेभावाच्या बागेत.
प्रभुभोजनाची द्राक्षं दरवर्षी तोच देतो, पैसे घेत नाही.
घड काळेभोर, अंगावर धुरकट लव.
म्हटलं, एलिया, आजच तोड की रे,
घरी ठेवीन चार दिवस, पिकतील.
तो हसला.
'अक्के, आंबा आहे का हा, अढीत घालायला?
वेलीवर असेल तेवढंच गोड.
कात्री लागली की संपलं.
आंबट तोडलेलं आंबटच सडतं.'
तेवढ्यात व्यापाऱ्याचा पोरगा आला,
एक मणी चिरडून काचेवर थेंब टाकला,
नळी डोळ्याला लावून उजेडाकडे धरली,
साखर मोजली,
आणि न वळताच म्हणाला,
'अजून आठ दिवस.'

मला नव्हता म्हणाला.
तरी मी ओढणी सावरून
'बरं' म्हटलं.

वरच्याचा आठवडा केवढा, कुणास ठाऊक.
वयाची अट मात्र मला पाठ आहे : पंचेचाळीस.
मार्चात त्रेचाळीस संपतील.

आज रविवार. पहाटे किल्ली फिरवली,
खिडकीतून गंगापूर रोडकडचा गार वारा येत होता.
पेले भरले, एकेक, काठाला बोटभर नाही
तर नखभर जागा सोडून.
फक्त योहानकाकांचा अर्धा.
त्यांचा हात थरथरतो.
भरून दिला तर सदऱ्यावर सांडतो,
आणि मग ते दोन रविवार येत नाहीत.
हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.
एकदा पाळकसाहेबांना हळूच म्हणाले,
'मलाच का हो अर्धा?'
मी मागेच उभी होते.
काही बोलले नाही.

घंटा झाली.
ट्रे उचलताना माझ्या हाताकडे पाहिलं.
थरथरत नव्हता.
निदान मला तरी
दिसला नाही.