पिवळा अंगठा

तिसऱ्या खेपेला झुलेखाची आई म्हणाली, आत या.
मार्केट यार्डामागची खोली, पोत्याचा आडोसा,
सांगलीच्या हळदीनं पाण्याचा तांब्याही पिवळा.

फॉर्म काढला. लाभार्थीचं नाव, वय,
शाळा का सोडली, एका ओळीत.
झुलेखा म्हणाली, सोडली न्हाई. ऱ्हायली.

ओळीत मावेल ते लिहिलं मी.
शाईचा पॅड ऑफिसात विसरलेला.
आईनं अंगठा जिभेवर ओला केला,
सुपातल्या भुकटीत दाबला
आणि कागदावर.

सरांनी फॉर्म परत दिला: हे चालत नाही.
नवा भरला, निळ्या शाईत.

जुना टाकवला नाही.
ड्रॉवरमध्ये आहे, बाकीच्या फायलींना वास लागलाय.

सोमवारपासून येते म्हणाली होती झुलेखा.
आज बुधवार.
चप्पल घालतेय.