ओकचा ठोकळा

एल्गोइबारमध्ये हिवाळ्यात तीनलाच दिवे लागतात,
डोंगर दोन्ही अंगांनी इतके खेटून.
दिव्याखाली दोन बोर्ड,
आणि माझी गार झालेली कॉफी.

शेडमधलं ग्राइंडर एकाहत्तर सालचं.
बैठक अजून सरळ,
पण कंट्रोलर जळाल्यापासून मुकं.
तीन अक्ष. प्रत्येकाच्या टोकाशी एन्कोडर,
त्याच्या दोन तारा एकच गोष्ट सांगतात,
एक दुसरीच्या पाव पाऊल मागे.
कोण मागे, त्यावरून कळतं
टेबल येतंय की जातंय.

आधी साधा प्रोसेसर लावून पाहिला.
बिचारा एका वेळी एकाचंच ऐकतो.
एक्सचं ऐकेपर्यंत झेड चार ठोके पुढे,
आणि संध्याकाळी मोजलं तर
दोन शतांश मिलिमीटरची थाप.

म्हणून लॉजिक,
जिथं ओळी रांग लावत नाहीत,
सगळ्या एकदम खऱ्या होतात.

हारित्स म्हणतो, मोठी घे, गारासी.
पंच्याऐंशी हजार सेल, पोटात प्रोसेसर,
उद्या पाच अक्ष मागतील, परवा कॅमेरा.
धाकटीत सात हजारही नाहीत.
मी पाठकोऱ्या कागदावर मांडलं:
तीन मोजणारे, तीन पल्स सोडणारे,
मर्यादेचे स्विच, एक पहारेकरी.
अंथरूण पुरतं. पाय थोडे दुमडून.

चोमिन मेमध्ये निवृत्त होणार.
त्याला चिप म्हणजे बटाट्याची.
कपाळावरचा चष्मा खाली न आणता त्यानं विचारलं,
"आणि सुरू होताना?"

चोमिन मेन स्विच दाबायच्या आधी
दरवेळी डोक्याखाली ओकचा ठोकळा सरकवतो.
मी तो हातात घेतला.
अकरा खोचा.
अकराव्या खोचेचं लाकूड अजून पांढरं.

रात्री डेटाशीट पुन्हा उघडली, पान एकसष्ट.
मोठी आपलं नाव बाहेरच्या मेमरीतून वाचते,
तेवढ्यात एकशे चाळीस मिलिसेकंद जातात.
तोवर तिच्या पायांना काही माहीत नसतं
आपण वर की खाली.
आणि त्या साखरझोपेत
उभ्या अक्षावर अडतीस किलो,
ब्रेक कुणाचं ऐकू या विचारात.

धाकटीचं नाव तिच्या पोटातच.
पापणी लवायच्या आत जागी.

हारित्स म्हणाला, चार सेंटचा रेझिस्टर लाव,
ब्रेक मिटूनच राहील, मोठीही चालेल.
खरं आहे त्याचं.
मी धाकटी घेतली,
आणि रेझिस्टरही लावला.

फेब्रुवारीतला मंगळवार, पहिला दिवस.
चोमिन गुडघ्यावर बसला, ठोकळा सरकवला.
स्विच.
कुठंच काही हललं नाही.
इतकं काही नाही झालं
की हारित्सनं फ्यूज तपासला.

चोमिननं ठोकळा काढला,
दिव्याखाली उलटसुलट फिरवून पाहिला,
अंगठ्यानं अकराही खोचा चाचपल्या,
आणि उद्यासाठी
पुन्हा खालीच ठेवला.