ओत्तु

माझ्या वाद्याला बोटांसाठी भोकं नव्हती.
खालच्या अंगाला दोन-चार होती, ती मेणानं लिंपायची
षड्ज जागेवर बसेपर्यंत.
मग फुंकायचं. नुसतं फुंकायचं,
देव उठल्यापासून देव निजेपर्यंत
एकच सूर, तुटू न देता.
याला आमच्याकडं ओत्तु म्हणतात.
एकेचाळीस वर्षं मी तो धरला
सट्टैनादन पिळ्ळैंच्या डाव्या खांद्यामागं.

लोक त्यांच्याबद्दल विचारायला येतात.
मी त्यांना समोरून फार कमी पाहिलंय.
मला ठाऊक आहे ती त्यांची मान,
तोडी चढू लागली की कानामागं फुगणारी शीर,
आणि पाठीवरची विभूतीची तीन बोटं
घामात एकेक करून विरघळताना.

नागस्वराच्या पत्तीसाठी ते स्वतः गवत कापायचे
कावेरीच्या काठावर, गुडघाभर चिखलात.
भाताबरोबर उकडायचे, सावलीत वाळवायचे,
आणि वर्षभर विसरून जायचे.
घाई केली तर जीभ बोबडी निघते, म्हणायचे.

एका पण्णैयाराच्या घरी लग्न होतं.
कारभारी म्हणाला, खांद्यावरचा पंचा काढा, कमरेला बांधा.
पिळ्ळै काही बोलले नाहीत.
पत्ती उतरवली, फडक्यात गुंडाळली,
मला म्हणाले, तू थांबू नकोस.
पाऊण तास त्या मांडवात
फक्त माझा षड्ज होता.
रागाविना. तविलाविना.
नवरी आतल्या दारात ताटकळलेली,
मुहूर्त हातातून निसटत चाललेला.
शेवटी म्हातारा पण्णैयार स्वतः उठून आला
आणि म्हणाला, राहू दे पंचा.
त्यानंतरची कल्याणी कशी होती
ते मला सांगता यायचं नाही. मला फक्त सा येतो.
जेवायला मात्र आम्हांला मागच्या पडवीतच वाढलं.
कल्याणी तिथवर पोचली नव्हती.

सत्तरीत त्यांचे पुढचे चार दात गेले.
मायवरमच्या डॉक्टरनं कवळी बसवून दिली.
ती त्यांनी विड्याच्या डब्यात ठेवली, चुन्याशेजारी,
आणि हिरड्यांनी वाजवत राहिले.

मग देवस्थाननं पेटी आणली. विजेवरची.
बटण दाबलं की सा. न थकता, न खोकता.
मला घरी बसायला सांगितलं.
पहिल्याच रात्री पिळ्ळै तिच्यासंगं नीलांबरी वाजवायला बसले,
देवाला निजवायची नीलांबरी.
मध्येच थांबले.
पेटी थांबली नाही.
मी खांबाला टेकून ऐकत होतो. माझ्याकडं वळून म्हणाले,
बघ, हिला श्वास घ्यावा लागत नाही.
मी कुठं घेतो ते हिला कसं कळणार?

तो त्यांचा मला दिलेला एकुलता एक किताब.
कुठं लिहून ठेवलेला नाही.

त्यांच्या मुलाचं बसस्टँडवर मोबाइलचं दुकान आहे.
पाटीवर नाव ‘नादम’, खाली कव्हर आणि चार्जर.
त्याला नावं ठेवणारे ठेवतात.
त्यानं लहानपणी बापाचे सुजलेले ओठ पाहिलेत.
मी नाही ठेवत.

त्याची पोरगी तैयलनायकी
संध्याकाळी सायकलवरून माझ्याकडं येते.
आजोबांचा नागस्वर, आजोबांची शेवटची पत्ती,
जुन्या कॅसेटा सगळ्या फोनमध्ये उतरवलेल्या.
मी म्हणालो, पोरी, मला एकच सूर येतो.
म्हणाली, तेवढाच धरा.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी पुन्हा मेण मळलं.
दम पुरत नाही, गाल दुखतात,
सूर मध्ये मध्ये काठी टेकत चालतो.
तिची तोडी अजून कच्ची आहे,
गांधार डुलायचा तिथं थरथरतो.
पण परवा मला एक गोष्ट लागली:
ती आजोबांच्या जागी श्वास घेत नाही.
त्यांच्या थोडी आधीच घेते,
कुणी न शिकवता, स्वतःच्या छातीला विचारून.

मी तिथं दोनदा चुकलो.
ती जागा आता पाठ करतोय.